शिराझ : सालीत दडलेलं द्राक्ष
(बॉल्सब्रिज, डब्लिन येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



इथून जवळच रॉयल डब्लिन सोसायटीचं आवार आहे. आपण तिथे घोड्यांचं प्रदर्शन पाहायला जातो, पण १७३१ साली ही संस्था निघाली ती शेती आणि उद्योग सुधारावेत म्हणून. त्या शेजाराला धरून मी आज शिराझ या वाइनच्या द्राक्षाबद्दल शेतीच्या बाजूनं बोलणार आहे. बाटली हाती आली की आपण लेबल वाचतो, आणि द्राक्ष अनोळखीच राहतं.

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, द्राक्षबागेत वाढलो. आमच्याकडे चांगलं द्राक्ष म्हणजे टपोरं द्राक्ष. थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाचे घड विरळायचे, जीए या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवायचे, मणी फुगवायचा. शिराझला यातलं काहीच चालत नाही. मणी लहान, आत बिया, वर जाड काळीनिळी साल. गर मात्र बिनरंगी! रंग सगळा सालीत, तुरटपणाही बराचसा तिथेच. म्हणून रेड वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानानं साल जास्त. तो फुगला की वाइन फिकी पडलीच. ज्यानं जन्मभर मणी मोठा करण्यासाठी कष्ट घेतले, त्याला वेलीवर माल कमी ठेव, मणी लहान राहू दे, असं सांगून बघा. अशा बागाईतदारांनी ही शेती शिकून घेतली, याचं मला फार मोल वाटतं.

नावावरून हे द्राक्ष इराणमधल्या शिराझ शहराचं, अशी समजूत पुष्कळ वर्षं होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासणीनं ती मोडीत काढली. त्याचे आईबाप, मोंद्यूज ब्लाँश आणि द्युरेझा, दोन्ही आग्नेय फ्रान्समधले. फ्रेंच लोक त्याला सिरा म्हणतात. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात द्राक्षशेती रुजवू पाहणाऱ्या जेम्स बझबीनं युरोपातून जमवलेल्या वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात गेल्या, तिथे पुढे शिराझ हे नाव रुळलं आणि तेच नाशिकपर्यंत आलं.

आयर्लंडचा धागाही यात आहे. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या शहरातल्या मोठ्या व्यापारी घराण्यांपैकी काही मूळची इथली. त्यातल्या जॉन्स्टन घराण्यातल्या नॅथॅनिएलनं १८०१च्या एका पत्रात लिहिलं आहे, की लाफीत या बोर्दोच्या वाइनमध्ये १७९५ साली एर्मिताजची वाइन मिसळली होती आणि त्या वर्षीच्या वाइनमध्ये तीच लोकांना सर्वांत आवडली. एर्मिताज म्हणजे ऱ्होन नदीकाठची सिराची टेकडी. बोर्दोच्या नामांकित वाइनला अंग आणि रंग द्यायला हे द्राक्ष लागत होतं.

आता वासाकडे येऊ. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो, ही नुसती उपमा नाही. रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे तो येतो, हे २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. आपल्या डब्यातल्या मिरीतही तेच द्रव्य असतं. पाचांतल्या साधारण एकाला मात्र तो वास कळतच नाही. शेजाऱ्याला मिरी जाणवली आणि तुम्हाला नाही, तर संकोच करू नका.

ही मिरी थंड जागी जास्त उतरते. नाशिकची अडचण इथेच आहे. ऱ्होनकाठी द्राक्ष पिकतं ते शरद ऋतूत, दिवस निवत जाताना. आमच्याकडे हिवाळ्यातही वेल झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात, एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. माल येतो तो थंडी सरून ऊन चढताना. साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो, साल आणि बी मात्र मागे रेंगाळतात. तोडणीचा दिवस नेमका धरणं हे सगळ्यांत कठीण काम. त्यामुळे नाशिकच्या शिराझला ऱ्होनच्या मापानं मोजू नये, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात मिरी कमी आणि पिकल्या फळाची ऊब जास्त असायची, आणि आंबटपणा राखला असेल तर ती उत्तम असते.

जेवणाचं एकच सांगतो. झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर ती घेऊ नका. अल्कोहोल आणि तुरटपणा तिखटाचा जाळ वाढवतात. इथल्या कोकराच्या मटणाचा पांढरा रस्सा करा, त्याच्याशी ती छान जमते.

आणि जे वाइन घेत नाहीत, त्यांनाही शिराझ ओळखता येईल. फेब्रुवारीत गावी गेलात तर नाशिकजवळच्या दिंडोरीच्या बाजूला जा. बागाईतदाराला विचारून शिराझचे दोन मणी घ्या, धुऊन तोंडात टाका. गर गिळून टाका, साल मागे ठेवा आणि सावकाश चावा.