दंतवैद्याची खुर्ची आणि बालकाचा श्वास

लहान मुलांच्या दुधाच्या दांतांस कीड लागणें ही आतां घरोघरची गोष्ट झाली आहे. हे दांत कधीं तरी पडावयाचेच, मग त्यांची एवढी काळजी कशाला, असें वडील माणसें म्हणतात. आणि एके रात्रीं गाल सुजून मूल तळमळूं लागलें म्हणजे त्याच माणसांची धांवपळ सुरू होते. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यांत नागपुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वडनेर हें गांव आहे. तेथील आईबापांना अशा वेळीं हिंगणघाट गांठावें लागतें. दुखणें वाढलेलें असेल तर सावंगी मेघे येथील शरद पवार दंत महाविद्यालय, नाहीं तर थेट नागपूर. मूल चार वर्षांचें असतें. ती खुर्ची, तो दिवा, तो यंत्राचा आवाज यांनीं तें भेदरून जातें व तोंड उघडीत नाहीं. चार माणसांनीं हातपाय धरावे आणि दांत उपटावा हा जुना मार्ग. परंतु त्या दिवसाची भीति मुलाच्या मनांतून पुढें कित्येक वर्षें जात नाहीं. म्हणून दंतवैद्य म्हणतो, 'थोडें गुंगीचें औषध देऊं, मूल शांत राहील.' हा विचार दयेचाच आहे. मात्र त्या क्षणापासून दंतवैद्याच्या हातीं दांताबरोबर मुलाचा श्वासहि येतो, आणि श्वास सांभाळण्याची विद्या दांताच्या विद्येहून निराळी आहे.

दंतवैद्य आणि भूल यांचें नातें तसें फार जुनें. किंबहुना भुलीची विद्या जगास दंतवैद्यांनींच दिली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. अमेरिकेंत हार्टफर्ड येथील होरेस वेल्स या दंतवैद्यानें ११ डिसेंबर १८४४ रोजीं नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःचाच एक दांत काढवून घेतला. पुढें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानें ईथर देऊन शस्त्रक्रिया वेदनेवांचून होऊं शकते हें सर्वांसमक्ष दाखविलें. १८४७ सालीं क्लोरोफॉर्म आला, आणि त्याच्या पाठोपाठ बळीहि आला. २८ जानेवारी १८४८ रोजीं इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं दिलेल्या क्लोरोफॉर्मनें दगावली. नखासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठीं धडधाकट मुलगी जावी! दांताचेंहि तसेंच आहे. मोठ्या आजारांत मनुष्य धोका ओळखून तो पत्करतो. येथें मूल आपल्या पायांनीं चालत, कदाचित् खेळत, दवाखान्यांत आलेलें असतें.

क्लोरोफॉर्मनें मनुष्य मरतो तो हृदय बंद पडून कीं श्वास बंद पडून, हा वाद पुढें चाळीस वर्षें चालला. त्याचा निकाल लावण्याचा मोठा प्रयत्न हैदराबादेंत झाला. वडनेरावरून जाणारा रस्ता जेथें पोंचतो त्याच शहरांत. तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांनीं निजाम सरकारच्या साहाय्यानें १८८८ सालीं एक कमिशन बसविलें. कुत्र्यांवर प्रयोग झाले व निष्कर्ष निघाला कीं, श्वास आधीं थांबतो, हृदय मागाहून. म्हणून भूल देणाऱ्यानें नाडी धरून बसण्यापेक्षां श्वासावर नजर ठेवावी. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रास हें पटेना. तेव्हां निजामानें एक हजार पौंड देऊन त्या पत्राचा प्रतिनिधीच बोलावून घेतला. १८८९ सालीं लॉडर ब्रन्टन हे नामांकित डॉक्टर हैदराबादेस आले, शेंकडों जनावरांवर पुन्हा प्रयोग झाले, आणि तेहि लॉरींच्याच मताचे झाले. त्याच शाळेंत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाईंनीं भूल देण्याच्या कामांत पुढें मोठें नांव मिळविलें, हेंहि जातां जातां सांगण्याजोगें आहे.

हैदराबादचा निष्कर्ष सर्वस्वी खरा ठरला नाहीं. हलक्या क्लोरोफॉर्मनें हृदयहि एकाएकीं फडफडून बंद पडूं शकतें हें गुडमन लेव्ही यांनीं १९११ सालीं दाखविलें. आणि क्लोरोफॉर्म आतां भुलीच्या कपाटांतून गेलाच आहे. परंतु लहान मुलांपुरतें पाहिलें तर लॉरींचें सूत्र अद्यापि उभें आहे. प्रौढ माणसाचें हृदय बहुधा हृदयाच्याच दुखण्यानें थांबतें; बालकाचें हृदय बहुधा श्वास कोंडल्यामुळें थांबतें. याचीं कारणें मुलाच्या घडणींतच आहेत. तोंडाच्या मानानें जीभ मोठी, घशांत टॉन्सिल वाढलेले, श्वासाची वाट अरुंद. गुंगीनें स्नायु सैल पडले कीं जीभ मागें सरकते आणि वाट बुजते. वजनाच्या मानानें मुलाला प्राणवायु लागतो तो मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट, आणि फुप्फुसांतला सांठा मात्र थोडा. त्यामुळें मोठ्या माणसाच्या बाबतींत जी उसंत मिळते ती येथें मिळत नाहीं. त्यांतून दंतवैद्य काम करतो तें त्याच वाटेच्या दाराशीं. पाणी, रक्त, कापसाचा बोळा, दांताचा तुकडा, सगळें तेथेंच.

गुंगी आणि भूल यांच्यामध्यें भिंत नाहीं. जिन्याच्या उतरत्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मूल जागें पण निवांत असतें. दुसरीवर हांक मारली कीं डोळे उघडतें. तिसरीवर चिमटा काढला तरच हालतें. चौथी पायरी ही पुरी बेशुद्धि. मिडॅझोलॅम नांवाचें औषध सरबतांत पाजलें असतां एक मूल पहिल्या पायरीवर राहतें आणि त्याच वजनाचें दुसरें थेट तिसरीवर घसरतें. कोणतें घसरेल हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून जाणत्यांनीं नियम असा घातला आहे कीं, मुलास ज्या पायरीवर न्यावयाचें तिच्या खालच्या पायरीवर तें गेलें तरी त्यास वर आणण्याची कुवत दंतवैद्याजवळ असली पाहिजे. हिरडींत टोंचावयाच्या बधिरतेच्या औषधाचाहि हिशेब याच खात्यांत धरावा लागतो. लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलोस ४.४ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे बारा किलोच्या मुलास २ टक्के औषध सुमारें अडीच मिलिलिटरच्या पुढें देतां येत नाहीं. चार दांत एकाच बैठकींत उरकावयाचे म्हटले तर ही मर्यादा केव्हां ओलांडली हें कळतहि नाहीं. वजन त्याच दिवशीं कांट्यावर करावें. आईनें सांगितलेलें वजन मागच्या दिवाळीचें असतें.

अमेरिकेंत एकाच दंतवैद्याच्या दवाखान्यांत तीन मुलें दगावल्याच्या वार्तेनंतर तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें १९८५ सालीं या विषयाचे पहिले नियम छापले. तरीहि २०१५ सालीं कॅलिफोर्नियांत सहा वर्षांचें एक मूल दांत काढतांना भुलीखालीं गेलें. भूल सांभाळणारा आणि दांत काढणारा तेथें एकच होता. ज्याचे डोळे दांताच्या फटींत गुंतले आहेत त्याला छाती हालते कीं नाहीं हें कसें दिसावें? २०१९ च्या सुधारलेल्या नियमांत खोल गुंगी वा पुरी भूल द्यावयाची असल्यास हीं दोन कामें दोन स्वतंत्र माणसांकडे असावींत, आणि निदान दोघांनीं तरी मुलांच्या प्राणरक्षणाचें शिक्षण घेतलेलें असावें, असें स्पष्ट सांगितलें आहे.

हें शिक्षण अमेरिकेंत १९८८ पासून रीतसर अभ्यासक्रमाच्या रूपानें सुरू झालें. भारतांत बालरोगतज्ज्ञांची अकादमीहि असे वर्ग चालविते. त्यांत व्याख्यान थोडें, हातकाम फार. समोर रबराचा बाहुला असतो. मूल कसें दिसतें, छाती कशी हालते, ओठांचा रंग कोणता, हें क्षणांत पाहण्याची संवय प्रथम लावतात. मग जबडा पुढें उचलून वाट मोकळी करणें, आणि मग मुखवटा व हातानें दाबावयाची श्वासाची पिशवी. सगळ्यांत अवघड काय असेल तर तो मुखवटा चेहऱ्यावर नीट बसविणें. अंगठा व तर्जनी यांचें कडें मुखवट्यावर, बाकीचीं तीन बोटें जबड्याच्या हाडावर. तीं हाडाऐवजीं हनुवटीखालच्या मऊ भागावर पडलीं कीं वांचविणाराच हात वाट बंद करतो. पिशवी दाबावयाची ती छाती वर येईल इतकीच. नाडी चालू आहे पण श्वास नाहीं, अशा मुलास दर दोन-तीन सेकंदांस एक श्वास द्यावयाचा. नाडी मिनिटास साठाच्या खालीं जाऊन अंग फिकें पडलें तर छाती दाबावयास लागावयाचें: छातीच्या एकतृतीयांश खोल, म्हणजे सुमारें पांच सेंटिमीटर, मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां, दोघे असतील तर पंधरा दाबांस दोन श्वास, एकटा असेल तर तीसांस दोन.

येथें एक घोंटाळा होण्याचा संभव आहे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१७ सालीं सामान्य नागरिकांसाठीं केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धति प्रसृत केली. रस्त्यांत कोसळलेल्या प्रौढ माणसासाठीं ती उत्तम आहे. दंतवैद्याच्या खुर्चीवरील मुलास मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. त्याच्या रक्तांतला प्राणवायु आधींच संपलेला असतो. तेंच रक्त फिरवून काय होणार? त्याला आधीं श्वास द्यावा लागतो.

प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. हातांतलें कसब इतकें टिकत नाहीं. कांहीं महिन्यांतच तें विसरूं लागतें. शाळेंत पाढे पाठ करून परीक्षेंत उत्तीर्ण झालेला मुलगा सुटीनंतर सत्तावीसाच्या पाढ्याशीं अडखळतो, तशांतलाच हा प्रकार. म्हणून दर तीन महिन्यांनीं आपल्याच दवाखान्यांत, आपल्याच मदतनिसांसह अर्धा तास ही तालीम करणें हेंच खरें शिक्षण होय. तसें केल्याशिवाय बारीकसारीक गोष्टी ध्यानांत येत नाहींत. खुर्ची आडवी केली तरी पाठ दाबाखालीं लवते, म्हणून तिच्या खालीं स्टूल सारावें लागतें. मुलांच्या मापाचा मुखवटा कपाटांत शोधावा लागतो. प्राणवायूचें नळकांडें असतें, पण किल्ली सांपडत नाहीं. किल्ली सांपडते तों नळकांडें रिकामें! मिडॅझोलॅमचा उतारा फ्लुमाझेनिल. त्याची कुपी कोठें आहे आणि ती कालबाह्य झाली आहे काय, हें मदतनीस मुलीस ठाऊक असलें पाहिजे. बोटास लावावयाचें प्राणवायु-मापक जपानांत ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या शोधांतून निघालें व २०२० च्या साथींत घरोघर पोंचलें. तें अवश्य लावावें. पण मुलास जोडीला प्राणवायु दिलेला असेल तर श्वास थांबल्यावरहि त्या यंत्रावरचा आंकडा कांहीं काळ चांगला दिसत राहतो. त्याच्यावर विसंबून छातीकडे पाहण्याचें सोडूं नये.

वडनेरसारख्या गांवाजवळच्या लहान दवाखान्याला हें सारें परवडेल काय, अशी शंका रास्त आहे. वर्गाची फी, परगांवीं जाणें, दोन दिवस दवाखाना बंद. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. परंतु प्राणवायूवांचून मेंदूस चार-पांच मिनिटांत इजा होऊं लागते, आणि हिंगणघाटाहून निघालेली गाडी वडनेरास तेवढ्यांत पोंचत नाहीं. त्या मिनिटांत जें कांहीं व्हावयाचें तें खुर्चीपाशीं उभ्या असलेल्या माणसांच्याच हातून. वर्धा जिल्हा याबाबतींत दरिद्री मुळींच नाहीं. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगीला वैद्यकीय व दंत अशीं दोन्हीं महाविद्यालयें आहेत. महिन्यांतून एक दिवस बाहुले घेऊन तालुक्याच्या गांवीं तालीम घेणें अशा संस्थांना जड जाऊं नये. आणि ज्या दंतवैद्याकडे ही तयारी नसेल त्यानें गुंगी न देतां मूल रुग्णालयांत पाठवावें. त्यांत त्याचा कमीपणा नाहीं.

आईबापांचाहि यांत वांटा आहे. गुंगीपूर्वीं दोन तास पाणी नाहीं, आईचें दूध चार तास नाहीं, गाईम्हशीचें दूध व हलकें खाणें सहा तास नाहीं. आणि आजीनें लपून दिलेलें बिस्किट हेंहि खाणेंच. मूल घोरतें काय, त्याला सर्दी-खोकला आहे काय, हें न विचारतां सांगावें. दांतावर काम चालू असतांना मुलाकडे पाहत कोण बसणार, व त्या माणसानें मुलांचें प्राणरक्षण केव्हां शिकलें, हा प्रश्न नम्रपणें पण आधींच विचारावा. चांगल्या दंतवैद्यास त्याचा राग येत नाहीं.

काम संपलें म्हणजे धोका संपला असें समजून लगेच एस. टी. गांठूं नये. शांत खोलींत एकटें सोडलें तरी मूल निदान वीस मिनिटें आपण होऊन जागें राहिलें पाहिजे, मग निघावें. उतारा द्यावा लागला असेल तर आणखी थांबावें, कारण उताऱ्याचा अंमल आधीं ओसरतो आणि गुंगी परत येते. वर्ध्याहून वडनेर हा बसचा लांबचा पल्ला. मूल आईच्या खांद्यावर झोपतें, हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट मुकाट्यानें बंद होते. म्हणून बरोबर दुसरें मोठें माणूस असावें. मुलाची मान सरळ व चेहरा डोळ्यांसमोर राहील असें त्यास मांडीवर धरावें. दवाखान्याचा दूरध्वनि क्रमांक कागदावर लिहून खिशांत ठेवावा. आणि हिंगणघाट येईपर्यंत दोन-तीनदां तरी नांवानें हांक मारून तें डोळे उघडतें कीं नाहीं हें पाहावें.