कौशल्य जिल्ह्यात राहिलं पाहिजे



जळगाव-धुळ्याचे कारखानदार, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे निदेशक आणि शिकाऊ उमेदवार जमलेल्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. माझी सगळी नोकरी सरकारी योजना राबवण्यात गेली. त्यामुळे योजनांची बाजू मांडायला मला संकोच वाटत नाही आणि त्यांच्यातून काय राहून जातं हे सांगायलाही नाही. सरकारी पैशातून खानदेशात खरोखर नवं काही उभं राहिलं का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझं उत्तर ‘हो’ असं आहे आणि त्याचे पुरावे आपल्याच शिवारात आहेत.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून निघालेला जेएल-२४ हा भुईमूग घ्या. शेतकरी त्याला ‘फुले प्रगती’ म्हणून ओळखतात. उपट्या जातीचा, नव्वद-पंच्याण्णव दिवसांत हाती येणारा. जिथे पाऊस लवकर पाठ फिरवतो, तिथे वाचलेला एकेक आठवडा म्हणजे पीक घरात येणं. हा वाण महाराष्ट्राबाहेर अनेक राज्यांत गेला, पुढे आफ्रिकेत पोचला आणि मलावीत ‘काकोमा’ या नावानं अधिकृतपणे प्रसारित झाला. सरकारी पगारावरच्या मोजक्या माणसांनी हंगामामागून हंगाम एकाच पिकाच्या ओळी तपासत केलेलं हे काम आहे. त्यांच्या दारावर ‘नवोन्मेष’ असा फलक नव्हता. त्यांना वेळ दिला गेला होता आणि पीक समोर होतं.

दुसरं उदाहरण आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं मिळून आहे. २०१४ साली प्रसारित झालेली ‘धनशक्ती’ ही लोहाचं प्रमाण वाढवलेली बाजरी. आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून ती आली, आणि या विद्यापीठाचं बाजरी संशोधन धुळ्यात चालतं. हे बियाणं शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात पाचोऱ्याची निर्मल सीड्स पुढे होती. धुळ्याहून पुढे ‘फुले आदिशक्ती’ आणि ‘फुले महाशक्ती’ हे संकरित वाणही आले. रक्तक्षय हा आपल्याकडच्या बायकांचा घरोघरचा आजार आहे. रोजच्या भाकरीतून थोडं जास्त लोह पोटात जाणं याचं मोल इथे कुणाला समजावून सांगायला नको.

आणि ठिबक. याविषयी मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण आजचा विषय तिथेच उलगडतो. १९८६ च्या सुमारास राज्य सरकारनं ठिबक सिंचनाला अनुदान द्यायला सुरुवात केली. त्याच काळात उद्योजक भवरलाल जैन यांनी जळगावात या कामाला हात घातला. पुढे नव्वदच्या दशकात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळी आली. बसराई किंवा श्रीमंती या जुन्या जाती लावणारा शेतकरी जवळजवळ दीड वर्ष घडाची वाट पाहायचा. नव्या रोपांनी, ठिबकनं आणि विद्राव्य खतांनी तो काळ अकरा-बारा महिन्यांवर आणला. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली.

ही गोष्ट आपण अनुदान, उद्योजक आणि शेतकरी या तिघांची म्हणून सांगतो. चौथा माणूस नेहमी सुटतो. नळ्या अंथरणारा, फिल्टर उघडून धुणारा, क्षार साचलेल्या लॅटरल नळीमध्ये आम्ल किती सोडायचं हे ओळखणारा गावातला पोरगा. निर्जंतुक खोलीत बसून इवल्या रोपांचे तुकडे वेगळे करणाऱ्या बाया. केळफूल कधी मोडायचं, घडावर पिशवी कधी चढवायची, फण्या कशा सुट्या करायच्या म्हणजे चीक डागणार नाही, हे जाणणारी कटाईची टोळी. ही हजारो माणसं कुठल्याही कौशल्य योजनेनं घडवलेली नाहीत. काम जिल्ह्यात आलं, टिकलं आणि त्या कामानं त्यांना शिकवलं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: प्रशिक्षणाची योजना जिल्ह्यातल्या टिकाऊ कामाला बांधलेली असेल तरच ती माणूस उभा करते.

आता आपल्या योजना या कसोटीवर पाहू. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. तीस किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. भुसावळच्या रेल्वेत, तिथल्या आणि वरणगावच्या आयुध निर्माणीत, दीपनगरच्या वीज केंद्रात या कायद्याचा अर्थ स्पष्ट आहे. पण जळगावच्या चटईच्या, पाइपच्या, डाळीच्या कारखान्यांपैकी, धुळ्यात अवधानच्या किंवा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडपैकी कितींत तीस माणसं कामाला आहेत? लहान कारखानदाराला बंधन नाही आणि पुष्कळदा माहितीही नाही. २०१६ पासून केंद्र सरकार शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सोसतं. मालक मात्र कागदपत्रांच्या धास्तीनं अर्जच करत नाही. इथे आपल्या कार्यालयांचं काम आहे. आठ-दहा शेडनी मिळून उमेदवार घ्यावेत, त्यांचा कागद एका जागी सांभाळला जावा. जिल्हा उद्योग केंद्रानं मनावर घेतलं तर हे एका वर्षात सुरू होऊ शकतं.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जळगावसाठी केळी हेच पीक ठरलेलं आहे. प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. वेफर, पावडर, केळीच्या खोडाचा धागा, सगळ्यांची यंत्रं मिळतात. यंत्र बंद पडलं की मात्र दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या गावाहून येईपर्यंत माल काळा पडतो. केळी पिकवणाऱ्या तालुक्यांत मी अशी प्रशिक्षण केंद्रं पाहिली, जिथे मुलांना शहरातल्या दुकानात विक्रेता कसं व्हायचं हे शिकवलं जात होतं, आणि दोन कोसांवरचा पॅकहाउसवाला पॅकिंगची टोळी बाहेरून आणत होता. रावेर, यावल, चोपडा इथल्या प्रशिक्षण संस्थांमध्ये शीतगृह, पिकवणगृह आणि प्रक्रिया यंत्रांच्या देखभालीचे अभ्यासक्रम हवेत. फिटर आणि वीजतंत्री यांचा पाया आपल्याकडे आहेच, त्यावर सहा महिन्यांची जोड पुरेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सोनारकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजानं कर्ज. जळगावचं सोनं देशभर प्रसिद्ध, पण इथल्या सराफ्यातलं नाजूक घडाईचं पुष्कळ काम बंगाली कारागिरांच्या हातात आहे. त्यांचं कौशल्य आदरानं मान्य करून मी म्हणतो, त्यांनाच वस्ताद नेमा आणि त्यांच्याकडे आपली मुलं शिकायला बसवा.

२०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दल दोनच वाक्यं. बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन हा मोठा खर्च राज्यानं उचलला, ही चांगली गोष्ट आहे. पण मुलगा सरकारी कार्यालयात फायली लावायला बसला तर मुदत संपल्यावर त्याच्या हातात काय उरतं, याचं उत्तर आपण त्याला द्यायला हवं.

काम जिल्ह्यात नसलं की माणसं बाहेर जातात. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात जाऊन या. तिथल्या गल्ल्यांत आपली अहिराणी बोली ऐकू येते. आपल्या तरुणांची कष्टाची तयारी आणि हातातलं कसब पाहायचं असेल तर ते तिथल्या यंत्रमागांवर दिसेल. सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा आणि भिल्ल मजूर दरवर्षी गुजरातची वाट धरतात. जायचं त्यांनी खुशाल जावं. त्यांच्यावर जाण्याची सक्ती होऊ नये. २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे जाणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा. पण त्या देशाची पद्धतही आपण घेतली पाहिजे. तिथे उमेदवार आठवड्यातले बरेचसे दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत घालवतो, हे तीन-साडेतीन वर्षं चालतं, आणि परीक्षा व्यापारी-उद्योजकांचं मंडळ घेतं. शिकवण्याची जबाबदारी उद्योगानं आपली मानलेली आहे.

ही वृत्ती आपल्याला परकी नाही. धुळ्याच्या पांझरा नदीच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी कुणाला, किती, कोणत्या फडात कोणतं पीक, हे लाभधारकच ठरवायचे. पाटकरी आणि जागल्या त्यांनीच नेमलेले, त्यांचा मोबदलाही लाभधारकांच्या धान्यातून. पाणी वापरणारा पाण्याची व्यवस्था सांभाळत होता. कौशल्य वापरणाऱ्यांनी कौशल्याची व्यवस्था तशीच सांभाळावी, अशी माझी अपेक्षा आहे. कारखानदार मित्रहो, हे तुम्हाला उद्देशून आहे. ‘चांगली माणसं मिळत नाहीत’ ही तक्रार मी आयुष्यभर ऐकली. ज्यानं एकही शिकाऊ उमेदवार घेतला नाही, त्याची ही तक्रार यापुढे मी ऐकणार नाही.

निदेशकांविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. जुन्या यंत्रांवर, अपुऱ्या कच्च्या मालावर, रिकाम्या पदांचा भार अंगावर घेऊन तुम्ही मुलं घडवता. नव्या योजनांची घोषणा होते तेव्हा व्यासपीठावर तुम्ही नसता. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक निदेशकाला वर्षातून किमान पंधरा दिवस चालू कारखान्यात किंवा पॅकहाउसमध्ये पगारी पाठवलं पाहिजे. जो नवं यंत्र पाहत नाही, त्यानं ते कसं शिकवायचं?

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कौशल्य विकासाची समिती दोन्ही जिल्ह्यांत आहे, जिल्ह्याचा आराखडाही होतो. त्या बैठकीत किती तुकड्या झाल्या, किती प्रमाणपत्रं वाटली, हे विचारलं जातं. माझी सूचना अशी की तीन वर्षांपूर्वी प्रमाणपत्र घेतलेला मुलगा वा मुलगी आज कुठे आहे, काय कमावते, त्याच व्यवसायात आहे का, हे विचारलं जावं आणि पुढचा निधी त्या उत्तरावर ठरावा. याच समितीनं पुढच्या कामांकडेही पाहायला हवं. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी रुपये, आणि मार्ग धुळे, नरडाणा, शिरपूरवरून. रूळ टाकणारे, सिग्नल जोडणारे, गोदामं चालवणारे हात कुठून येणार, हे आजच ठरवायला लागेल.

म्हणून या परिषदेनं तीन ठराव करावेत अशी माझी विनंती आहे: लहान कारखान्यांची सामूहिक शिकाऊ उमेदवारी, निदेशकांची वार्षिक कारखाना-भेट आणि तीन वर्षांनंतरची नोंद. ठरावांच्या प्रती जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना या आठवड्यात द्याव्यात, आणि पुढच्या परिषदेत पहिलं सत्र या तीन कामांच्या अहवालाचं असावं.