फिकटलेलं नाक

प्रदर्शनासाठी वाढवलेल्या पिवळ्या लॅब्रॅडॉर पिल्लाचं काळं नाक हिवाळ्यात फिकटलं, की मालक धास्तावतात आणि ते पुन्हा काळं व्हावं म्हणून समुद्री शेवाळाची पूड शोधू लागतात. थोडं थांबा. नाकाचा काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. ते घडवणारं टायरोसिनेज हे विकर थंडीत मंदावतं, असं मानलं जातं. बऱ्याचदा उन्हाळ्यात रंग परततो. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकातही लॅब्रॅडॉरचं फिकटलेलं नाक दोष नाही. पूर्ण गुलाबी नाक मात्र अपात्र ठरतं. चॉकलेटी लॅब्रॅडॉरचं नाक जनुकांमुळेच तपकिरी, कुठल्याही पुडीने ते काळं होणार नाही. रंग फासणं तर शुद्ध फसवणूक, शिवाय मुक्या जिवाला त्रास. नाकावर खपल्या किंवा जखमा दिसल्या, तर मात्र लगेच पशुवैद्यांकडे न्या.