शेकडा काढताना
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बोलण्याचा सराव नाही. तरी दहावीच्या गुणांविषयी दोन शब्द सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीला ८४ टक्के मिळाले. गल्लीत पेढे वाटले. आमच्या ह्यांनी तिला लातूरला सायन्सला ठेवायचे ठरवले. शिकवणी आणि खोलीभाड्यासाठी माझ्या पाटल्या मोडायच्या होत्या.

त्या रात्री मी गुणपत्रक घेऊन बसले. शेकडा काढायला मी शाळेत शिकले होते. मराठी ८८, हिंदी ८६, इंग्रजी ७९, गणित ४६, विज्ञान ७५, सामाजिक शास्त्रे ९२. बेरीज ४६६. सहाशेत ४६६ म्हणजे पावणेअठ्ठ्याहत्तर टक्केही भरेनात! मग ८४ आले कुठून?

मुलगी म्हणाली, "आई, २०१० पासून सहांतले उत्तम पाचच विषय धरतात." म्हणजे गणित गळाले आणि पाचशेत ४२० झाले. हिशेब चोख होता. पण बेरजेतून गणित गळाले, तरी पुढच्या अभ्यासातून थोडेच गळणार? अकरावीच्या फिजिक्सला ते लागतेच. तसे विचारले, तर पोर रडू लागली. "मला गणिताची धास्ती वाटते. पण बाबा एवढे खूश झालेत, सांगू कशी?"

भगिनींनो, नियम बदलला की टक्काही बदलतो. २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण काढले, तर राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत सुरू झाले. २०२५ साली राज्यात २११ मुलांना पुरे १०० टक्के पडले. त्यांतली ११३ आपल्या लातूर विभागातली. खेळ व चित्रकलेचे जादा गुणही बेरजेत धरतात. त्या लेकरांचे कौतुक जरूर करावे. पण डॉक्टरीचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो, दहावीचा शेकडा तिथे कोणी विचारत नाही.

हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मुलगी नांदेडातच आर्ट्सला गेली. पाटल्या अजून हातात आहेत.

निकाल लागला की पेढे आणण्याआधी गुणपत्रक वाचा, आणि लेकराला जवळ बसवून विचारा.