जोर नको, हात हवा

मैत्रिणींनो, ‘बाईच्या हातात जोर नाही, गॅरेज तिचं काम नव्हे’ हे मीही ऐकलंय. पण अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रेक-कॅलिपरचे आटे जातात ते जोरानंच! पोलादी बोल्टपुढे हा धातू मऊ. त्यात आपलं मीरा-भाईंदर खाडीकाठचं, मिठागरांचं. खाऱ्या दमट हवेत आट्यांत पांढरी पूड धरते, बोल्ट अडकतो. तेल सोडा, थांबा, मागेपुढे करत सोडवा. आटे साफ करा. बसवताना बोल्ट आधी उलटा फिरवा. ‘टक्’ झालं की बोटांनीच सुलटा आत न्या. पाना नंतर. शेवटी टॉर्क-पान्यानं, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकंच आवळा. यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. हे कसब आहे, बायांनो. त्याची पूर्ण मजुरी मागा!