रिकाम्या तराजूची परीक्षा



महोत्सवाच्या या मंगल दिवशीं मी आपणांस पुण्याच्या मंडईंत नेणार आहें. एकांतावर बोलण्यास उभा राहिलेला मनुष्य श्रोत्यांस गजबजलेल्या बाजारांत नेतो, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्यापैकीं बहुतेकांचें आयुष्य गर्दींतच जावयाचें आहे.

मंडईची ही इमारत १८८६ सालीं खुली झाली; पुणें धर्मप्रांताची स्थापनाही त्याच सालची. प्रथम तिला लॉर्ड रे यांचें नांव होतें. आज ती महात्मा फुले यांच्या नांवानें ओळखली जाते. मधोमध उंच मनोरा, भोंवतीं भाजीपाल्याचे गाळे, आणि २०२४ सालापासून जमिनीच्या पोटांत मेट्रोचें स्थानक! भाव पुकारणारांचा आवाज मात्र थांबलेला नाहीं.

तेथें एके सकाळीं मीं एका भाजीवाल्या बाईस पाहिलें. गिऱ्हाईक खोळंबलें असतां तिनें प्रथम रिकामा तराजू उचलून धरिला, एका पारड्यास चिकटलेली माती पुसली, दांडी सरळ झाल्याची खात्री केली, आणि मगच भाजी तोलली. गिऱ्हाईक म्हणालें, "बाई, घाई आहे." ती म्हणाली, "दादा, आत्तां पासंग राहिला, तर दिवसभराचं माप खोटं व्हायचं."

बंधुभगिनींनो, एकांत म्हणजे हाच रिकामा तराजू पाहणें होय. त्यावांचून दिवसभराच्या कामाचें माप खोटें होतें. हें मी पुस्तकांत शिकलों नाहीं. माझी आई अंथरुणास खिळली असतां रोज संध्याकाळीं म्हणे, "बाळ, माझ्याबरोबर एवढी जपमाळ म्हण." पाव तासाचें काम! मी म्हणें, "उद्यां, आई, आज हिशेब पुरे करावयाचे आहेत." हिशेब पुरे झाले, जपमाळ राहिली ती राहिलीच. माझ्या पारड्यास माती चिकटली होती, आणि ती पाहण्यापुरताही मी थांबलों नव्हतों.

कोणी म्हणेल, देहूच्या तुकोबांस भंडाऱ्याचा डोंगर होता. आम्हां संसारी माणसांस डोंगर कोठला? संत फ्रान्सिस दे सालेस यांनीं भक्तिमय जीवनावरील आपला १६०९ सालचा ग्रंथ प्रपंचांत राहणारांसाठींच लिहिला. कामाच्या गर्दींतही मनानें वारंवार अंतःकरणाच्या एकांतांत परतावें, असा त्यांचा उपदेश आहे. खुद्द प्रभु येशूच्या दाराशीं सारें नगर लोटलें होतें. दुसऱ्या दिवशीं तो पहांटेच्या अंधारांत उठून निर्जन स्थळीं प्रार्थनेस गेला. आणि लोक त्याला शोधीत आहेत असें कळतांच पुन्हां सेवेस निघाला.

म्हणून पाव तास पुरे. दुकान उघडण्यापूर्वीं, चूल पेटविण्यापूर्वीं, हातीं फोन घेण्यापूर्वीं देवासमोर निवांत बसा. काल मीं कोणास माप कमी घातलें, आज कोण माझी वाट पाहत आहे, एवढेंच त्याला विचारा. पेशव्यांनीं दिलेल्या जागेवर १७९२ सालीं स्थापन झालेलें नाना पेठेंतील सिटी चर्च मंडईहून फार दूर नाहीं. तेथवर चालत जाण्याची वाटसुद्धां प्रार्थनेची होऊं शकेल.

आणि आपल्या घरीं कोणी जपमाळ हातीं घेऊन वाट पाहत असेल, तर ही सभा संपतांच त्यांच्यापाशीं जा. हिशेब उद्यां होतील. परमेश्वर आपणां सर्वांचे तराजू सम राखो.