ऐकू आलं नाही, तर तसं सांगायचं

माझी डॉक्टरकीची साडेचार वर्षं झाली, आता वर्षभर दवाखान्यात हातानं काम शिकतेय.

पहिल्याच आठवड्यात आठव्या महिन्याची एक ताई तपासणीला आली. मी बीपी घेतलं. खरं सांगते, कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं. बाहेर रांग, विचारायची लाज. मी १२०/८० लिहून टाकलं. जुन्या सिस्टरनी ताईचा सुजलेला चेहरा पाहिला. "परत घ्या बरं, मॅडम." मला मनगटाच्या नाडीवर बोट ठेवायला लावलं. नाडी लागेनाशी झाली की काटा आणखी ३० नं वर न्यायचा, मग हवा हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज थांबतो तो खालचा. निघालं १५०/१००! गरोदरपणी १४०/९० किंवा त्यापुढं म्हणजे धोका. ताईला लगेच दाखल केलं.

त्या रात्री होस्टेलवर दिसेल त्या मैत्रिणीचा दंड धरून मी बीपी घेत बसले. आता ऐकू येतं. नाहीच आलं तर सिस्टरना हाक मारते.

तुमचं बीपी कुणी दुसऱ्यांदा घेतलं तर कंटाळू नका. आणि आकडा किती आला, ते विचारून घ्या.